शेंडा

कन्नमवार नगरात, तिसऱ्या मजल्यावर,
पुतण्याच्या खोलीतलं गोदरेजचं कपाट
रात्री नऊला आतून उजाडतं.
फटीतून जांभळा उजेड लादीवर येतो,
छोटा पंखा घरघरतो,
आणि चंदेरी कागदाच्या भिंतींत
चार कुंड्या उभ्या, रविवारी
खुर्ची रिकामी व्हायची वाट बघणाऱ्या पोरांसारख्या.

निरंजन म्हणाला, काका, तुमची कैची लागेल.
माझ्या हाताने पानं फाटतात.
मी विचारलं, काय आहे हे?
तो म्हणाला, झाड.
पार्कसाइटला एकेचाळीस वर्षं दुकान चालवलं मी.
मागच्या गल्लीत चिलीम फिरायची
तेव्हा टॉवेलांना वास लागायचा.
पुन्हा विचारलं नाही.

चष्मा पुसला. कैची डेटॉलमध्ये बुडवली.
पहिला कट मारायच्या आधी
दोनदा हवेत वाजवली. सवय.
झाडाला म्हटलं, मान खाली घे.

खालची पानं आधी, तो म्हणाला,
उजेड पोचत नाही ती नुसती बसून खातात.
काढली. मानेवरची लव काढावी तशी.
मग त्याने बोट ठेवलं सगळ्यात उंच कोंबावर.
हा.
हा? एवढा जोमदार?
म्हणूनच. हा आहे तोवर बाकीचे वर येत नाहीत.
हा खुडला की बाजूच्या फांद्या
बरोबरीने उठतात. माल दुप्पट.

आता एक सांगतो.
एकेचाळीस वर्षं मी आयांना सांगत आलो,
जावळ काढा, केस दाट येतील.
खोटं आहे ते. केसाला कळतही नाही
त्याला कोणी कापलं.
ज्यांचे दाट यायचे त्यांचे येतात,
ज्यांना माझ्या बापासारखं टक्कल पडायचं त्यांना पडतं.
पण त्या खोट्यावर दुकान चाललं, घर चाललं,
आणि म्हातारपणी, एका कपाटात,
झाडाने ते खरं करून दाखवलं.
पंधरा दिवसांत दोनाचे चार, चाराचे आठ,
सगळे शेंडे एका उंचीला,
शाळेच्या पहिल्या दिवशी कापून दिल्यासारखे.

शालनला नववीत गणितात ब्याऐंशी होते.
मी म्हटलं, पुरे.
आईच्या हाताखाली कोणी हवं, धाकटे दोघे आहेत.
ती काही बोलली नाही.
वह्यांची उरलेली कोरी पानं फाडून
तिने भावांसाठी एक जाड वही शिवली.
एक आता बँकेत आहे, दुसरा अबुधाबीला.
लोक म्हणतात, तुमची पोरं चांगली निघाली.

खुडलेला कोंब टाकवेना.
दाढीच्या पेल्यात पाणी घेऊन उभा केला,
मोरीच्या खिडकीत, ब्रशाशेजारी.
दोन दिवस मान टाकून होता.
पेडणेकरबाई दारात थबकल्या,
काहीतरी वास येतोय हो?
मी म्हटलं, जुनं आफ्टरशेव्ह सांडलं.
अकराव्या दिवशी पेला उचलला
तर पाण्यात, देठाच्या टोकाला,
दुधाच्या दाताएवढं पांढरं मूळ.

निरंजन खताची पुडी तोलत होता.
मान वर न करता म्हणाला,
टाकून द्या काका, पाचव्याला जागा नाही.

संध्याकाळी शालनचा फोन, नालासोपाऱ्याहून.
जेवलात का?
हो म्हटलं.
एका हातात फोन, एका हातात पेला,
घरभर फिरलो. कपाट भरलेलं.
खिडकीला समोरच्या इमारतीचे डोळे.
फ्रिजवर ठेवून बघितला, उचलला.
बाबा, ऐकताय ना?
ऐकतोय, म्हटलं,
आणि पाणी बदललं.